अंगणात गेलेली शाळा

गेल्या वर्षी माझी मावशी निवृत्त झाली. सातारा जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात ती अंगणवाडी सेविका होती. १९९३ साली लागली तेव्हा महिन्याला चारशे रुपये मिळायचे, आणि त्याला पगार म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं. निवृत्तीच्या दिवशी गावानं तिचा छोटासा सत्कार ठेवला होता. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी, चार खुर्च्या, शाल, श्रीफळ, साडी. आम्ही बहिणी मुद्दाम गेलो होतो. भाषणं झाली. एक पाहुणे उभे राहिले आणि अगदी मनापासून म्हणाले, "ताईंनी इतकी वर्षं गावच्या लेकरांना खिचडी खाऊ घातली. अन्नदानासारखं पुण्य नाही!"

टाळ्या पडल्या. मावशीनं हसून हात जोडले.

रात्री अंथरुणं घातली तरी तिला झोप येईना. अंधारातच म्हणाली, "खिचडी मदतनीस शिजवायची गं. मी शिकवत होते." मला काय बोलावं सुचेना. थोड्या वेळानं तीच पुन्हा म्हणाली, "अंगणवाडी हा शब्द कुणी काढला असेल? काहीतरी विचार करूनच ठेवला असेल ना?"

उत्तर मला अर्धवट माहीत होतं. तारा मोडक, अनुताई वाघ, कोसबाद. शाळेत सामान्यज्ञानाच्या पेपरात 'जोड्या लावा' मध्ये यायचं. एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला गाव, मध्ये रेघ. एक गुण. त्या रेघेच्या आत काय आहे ते मात्र कधी पाहिलं नव्हतं. मावशीच्या प्रश्नामुळे गेले काही महिने वाचत गेले, आणि जे हाती लागलं ते इथे लिहितेय. मावसभाऊ तिला वाचून दाखवणार आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

*

अनुताई वाघ यांचा जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. अष्टविनायकातला पहिला गणपती तो हाच मोरगावचा मोरेश्वर. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांत नवरा वारला.

हे वाक्य आपण किती सहज वाचून पुढे जातो! तेरा वर्षांची मुलगी म्हणजे सातवी-आठवीतली. त्या काळच्या रीतीप्रमाणे तिचं पुढचं आयुष्य तिथेच ठरून गेलेलं असे. स्वयंपाकघर, देवघर, आणि दुसऱ्यांच्या लेकरांची उठाठेव. पण अनुताईंचं तसं झालं नाही. त्या शिकत राहिल्या. व्हर्नाक्युलर फायनल झाल्या, मग पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात जाऊन १९२९ मध्ये शिक्षिकेचं प्रशिक्षण पूर्ण केलं.

इथे थोडं थांबायला हवं. महाराष्ट्रात शिक्षिकांच्या पहिल्या पिढ्या कुठून आल्या, याचं एक उत्तर या विधवा मुलींमध्ये आहे. सावित्रीबाई आणि जोतिराव फुल्यांनी पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा काढली तेव्हापासून अडचण तीच होती. मुलींना शिकवायला बाया आणायच्या कुठून? पुढे अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ मध्ये आश्रम काढला, जो नंतर हिंगण्याला गेला. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं. अशा ठिकाणी कितीतरी विधवा शिकल्या, नर्स झाल्या, शिक्षिका झाल्या. ज्यांना घरानं अपशकुनी ठरवलं होतं त्याच बाया गावोगावच्या मुलींना अक्षर शिकवू लागल्या. आपल्या आज्या-पणज्या ज्यांच्याकडे शिकल्या त्या 'बाई' कोण होत्या, असं घरात विचारून बघा. बहुतेक घरांत अशी एखादी गोष्ट निघतेच.

अनुताईंची पहिली नोकरी नाशिक जिल्ह्यात चांदवडला. एकोणिसाव्या वर्षी, एकटीनं. चार वर्षं तिथे काढून १९३३ मध्ये त्या पुण्यात हुजुरपागेच्या शाळेत आल्या. हुजुरपागा म्हणजे १८८४ सालची, नावाजलेली मुलींची शाळा. दिवसा शिकवायचं आणि रात्रशाळेत स्वतः शिकायचं, असं करून त्या १९३७ मध्ये मॅट्रिक झाल्या. तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या.

(मावशी, तू सुद्धा लग्नानंतर, पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून मॅट्रिकचा अभ्यास केला होतास. आजी अजून सांगते.)

*

१९४५ साली त्या पस्तीस वर्षांच्या होत्या. पुण्यातली चांगली शाळा, स्थिर नोकरी, ओळखीची माणसं. एका विधवा बाईला त्या काळात याहून जास्त काय मिळणार होतं? त्याच वर्षी कस्तुरबा ट्रस्टनं बोरिवलीला ग्रामसेविकांसाठी एक शिबिर घेतलं. अनुताई तिथे गेल्या आणि तिथे त्यांना ताराबाई मोडक भेटल्या.

ताराबाई अनुताईंपेक्षा अठरा वर्षांनी मोठ्या. जन्म १८९२ चा. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं मोठं काम उभं केलं होतं. माँटेसोरीबाईंची पद्धत जशीच्या तशी न उचलता आपल्या मुलांना मानवेल अशी करून घ्यायची, हा दोघांचा ध्यास. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे मुंबईत दादरला ताराबाईंनी १९३६ मध्ये शिशुविहार सुरू केलं. तिथे सगळं ठीक चाललं होतं. पण जी मुलं येत होती ती पांढरपेशा घरांतली. बालशिक्षण म्हणजे शहरातल्या खाऊनपिऊन सुखी मुलांचीच चैन राहणार का, हा प्रश्न ताराबाईंना सोडत नव्हता. म्हणून वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांनी खेड्यात जायचं ठरवलं. अनुताई त्यांच्याबरोबर निघाल्या त्या कायमच्या.

ठिकाण ठरलं बोर्डी. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. अगदी गुजरातच्या सीमेवर, समुद्राकाठी. सुरूची झाडं, चिकूच्या वाड्या, पारशी-इराण्यांचे बंगले. आचार्य भिसे यांच्यासारख्या माणसांनी तिथे आधीच शिक्षणाचं काम रुजवलेलं होतं. १९४५ मध्ये बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं.

हे वर्ष लक्षात ठेवा. कारण त्याच वर्षी, त्याच भागात, आणखी एक गोष्ट घडत होती.

डहाणू आणि उंबरगाव तालुक्यातले वारली जमीनदारांच्या शेतात वेठबिगार करत होते. लग्नासाठी कर्ज काढायचं आणि ते फेडायला नवरा-बायकोनं सावकाराकडे राबायचं. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. १९४५ च्या मे महिन्यात झरी गावी वारल्यांची मोठी सभा झाली आणि वेठ करायची नाही असं ठरलं. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर किसान सभेतर्फे तिथे काम करत होते. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. गोदावरीबाईंनी ही सगळी हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली आहे.

म्हणजे बघा. गोदावरीबाई पुण्याच्या, वकिलीचं शिक्षण घेतलेल्या. अनुताई पुण्याहून आलेल्या शिक्षिका. दोघींच्या वयात जेमतेम तीन वर्षांचं अंतर. दोघी एकाच वर्षी एकाच भागातल्या वारली पाड्यांवर काम करताहेत. एक आई-बापांच्या मानेवरचं जोखड काढायला, आणि दुसरी त्यांच्या अडीच-तीन वर्षांच्या पोरांना खडूनं गोल काढायला शिकवायला. मला आधी वाटलं की पहिलं काम खरं, दुसरं त्या मानानं किरकोळ. आता तसं वाटत नाही. का, ते पुढे सांगते.

*

बोर्डीत बालवाडी सुरू झाली. गावातली मुलं येऊ लागली. आदिवासी पाड्यांवरची मुलं मात्र येईनात.

इथपर्यंतची गोष्ट आपल्या देशात लाखो वेळा घडलेली आहे. शाळा बांधली, पोरं आली नाहीत. पुढचं वाक्य नेहमी ठरलेलं: "यांना शिक्षणाचं महत्त्वच कळत नाही." अहवालात लिहायचं, पालकांना दोष द्यायचा, मोकळं व्हायचं.

या दोघींनी ते वाक्य म्हटलं नाही. पोरं का येत नाहीत ते बघायला त्या पाड्यावर गेल्या. पाडा म्हणजे दाट वस्ती नव्हे. डोंगरउतारावर कुडाच्या, शेणामातीनं सारवलेल्या झोपड्या, इकडे दोन, तिकडे चार. पावसाळ्यात मध्ये ओहोळ. आई-बाप पहाटेच कामावर जाणार. मग तीन वर्षांच्या पोराला बोर्डीच्या बालवाडीत सोडणार कोण आणि आणणार कोण? शिवाय ज्यांच्या शेतावर आई राबते त्यांच्याच मुलांशेजारी पाटावर बसायचं. अंगात धड कपडा नाही. तिथे बोलतात ती मराठी घरच्या वारली बोलीपेक्षा वेगळी. मोठं माणूसही बिचकेल, ते तर पोर.

मग त्यांनी ठरवलं, मुलं बालवाडीत येत नाहीत ना, तर बालवाडी मुलांकडे जाईल. पाड्यावरच्याच एखाद्या झोपडीपुढचं अंगण घ्यायचं, ते झाडून-सारवून तिथेच बसायचं. खेळ, गाणी, गोष्टी, चित्रं, सगळं त्या अंगणात. गावातल्या मुख्य बालवाडीला 'मध्यवर्ती बालवाडी' म्हणत. ही अंगणातली, म्हणून 'अंगणवाडी'.

मावशी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. शब्द कुठल्या मंत्रालयात जन्मला नाही. मुलं का येत नाहीत हे जाऊन बघितलं, त्यातून तो जन्मला. त्या शब्दात एक कबुली आहे. चालत जायचं ते शाळेनं, पोरानं नव्हे.

आणि अंगणात शाळा भरली की आणखी एक गोष्ट आपोआप होते. आजी ओट्यावर बसून बघते. बाळंतीण दारातून बघते. शेजारची पोरगी भावंडाला कडेवर घेऊन येऊन उभी राहते. पोर काय करतंय, बाई काय करतेय, सगळं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. शाळा या गोष्टीची भीतीच जाते. चार भिंतींच्या आत काय चालतं ते आई-बापांना दिसत नाही, अंगणातलं दिसतं.

*

१९५७ मध्ये काम बोर्डीहून जवळच्या कोसबादच्या टेकडीवर हललं. इथे आजूबाजूला वस्ती वारल्यांची. अनुताईंच्या आयुष्यातली पुढची पस्तीस वर्षं या टेकडीवर गेली. त्यांच्या आत्मकथनाचं नावच 'कोसबादच्या टेकडीवरून'.

कोसबादला मोठ्या मुलांचा प्रश्न समोर आला. सात-आठ वर्षांची मुलं गुरं राखायला जात. गुरं राखणं हा त्या घराचा रोजगार. पोराला शाळेत पाठवा म्हणजे तेवढा घास सोडा, असं सांगण्यासारखं होतं ते. मग शिक्षक गुरांमागे कुरणात जाऊ लागले. गुरं चरताहेत, पोरं झाडाखाली बसून शिकताहेत. तिचं नाव 'कुरणशाळा'. काय साधा शब्द आहे! पण त्यामागे केवढा विचार आहे बघा. पोराचं काम ही शिक्षणातली अडचण आहे असं न म्हणता, काम जिथे चालतं तिथेच शाळा नेली.

मुलींची गोष्ट अजून वेगळी. आठ वर्षांची पोरगी शाळेत का येत नाही? कारण तिच्या कडेवर एक भावंड आहे आणि दुसरं पदराला धरून चालतंय. त्या पोरीला कितीही समजावलं तरी भावंडं ठेवणार कुठे? म्हणून एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशी जोडून ठेवली. तान्हं पाळणाघरात, मधलं बालवाडीत, आणि ताई शेजारच्या खोलीत पहिलीत. सुट्टीत जाऊन भावंडाला बघून यायचं. या सगळ्याला 'विकासवाडी' म्हणत.

मला हे वाचताना सगळ्यात जास्त भरून आलं ते इथे. कारण आमच्या घरात हे घडलेलं आहे. माझी सर्वांत मोठी मावशी, म्हणजे या मावशीची थोरली बहीण, तिसरीतून शाळा सोडून घरी बसली. कारण माझी आई तेव्हा वर्षाची होती. आईला सांभाळायला कुणीतरी हवं होतं. आई पुढे बी.ए. झाली. थोरली मावशी आयुष्यभर अंगठा देत राहिली. यात कुणाचा दोष? कुणाचाच नाही. फक्त शाळेशेजारी एक पाळणाघर नव्हतं.

*

आता शिकवण्याबद्दल थोडं. माँटेसोरी पद्धतीत साधनांना फार महत्त्व. लाकडी दट्ट्या, मनोरे, रंगाच्या पट्ट्या, खरखरीत कागदाची अक्षरं. मूल हातानं करतं, चुकलं तर त्याचं त्यालाच कळतं. पद्धत उत्तम, पण साधनं महाग. पाड्यावर ती आणणार कुठून?

अनुताईंनी आजूबाजूला बघितलं. समुद्र जवळ, म्हणजे शिंपले मिळतात. जंगलात बिया, निरनिराळ्या आकारांची पानं, पिसं. ओढ्यात गोटे, लहान-मोठे, जड-हलके, गुळगुळीत-खरखरीत. बांबू आहे, माती आहे. मोजायला चिंचोके, क्रम लावायला काटक्या, रंग ओळखायला फुलं. माँटेसोरीच्या कपाटात जे जे होतं त्यातलं किती काय पोराच्या घराभोवती पडलेलंच होतं! आणि त्या वस्तूंची नावं पोराला बाईंपेक्षा जास्त माहीत. कुठल्या झाडाची बी, कुठल्या पक्ष्याचं पीस, हे पोर सांगणार आणि बाई ऐकणार. ज्याला वर्गात 'ढ' ठरवलं असतं ते पोर इथे जाणकार ठरतं.

मावशीच्या अंगणवाडीत मी लहानपणी मे महिन्यात जायचे. तिच्याकडे एका डालड्याच्या डब्यात सागरगोटे, चिंचोके आणि बाटल्यांची बुचं होती. सरकारकडून आलेला खेळण्यांचा संच कपाटात कुलपात असायचा, कारण तुटला तर भरून द्यावा लागेल ही भीती. डबा मात्र सदा उघडा. मावशीनं कोसबाद बघितलेलं नाही. प्रशिक्षणात कुणी अनुताईंचं नाव घेतल्याचंही तिला आठवत नाही. पण तिच्याही आधी कुणीतरी हेच केलं होतं, आणि ते केवळ पैसे नाहीत म्हणून केलेलं जुगाड नव्हतं, विचारानं केलेलं शिक्षणशास्त्र होतं, हे तिला कुणी सांगितलं असतं तर?

*

सगळंच गोड वाटू नये म्हणून एक-दोन गोष्टी लिहायला हव्यात.

त्या काळच्या या कामात स्वच्छतेवर फार भर आहे. मुलं गोळा करायची, तोंड-हात धुवायचे, आंघोळ, नखं, केस, मग शिक्षण. आज हे वाचताना थोडं खटकतं. शहरातून आलेल्या उच्चवर्णीय बायका आदिवासी पोरांना 'स्वच्छ' करताहेत, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. ज्यांच्या पाड्यावर प्यायच्या पाण्याचे वांधे, त्यांना आंघोळीचं कौतुक काय? पण दुसरी बाजूही आहे. खरूज झालेल्या, नाक वाहणाऱ्या पोराला मांडीवर घेऊन रोज आपल्या हातानं धुणं, हे उपदेश करण्यापेक्षा वेगळं काम आहे. ते करणारी बाई पोराला शिवते. शिवाशिवीच्या काळात ही गोष्ट लहान नव्हती.

दुसरी गोष्ट मगाशी अर्धवट सोडलेली. वेठबिगारी मोडायला लढा लागला, गोळ्या लागल्या. शिंपल्यांनी आणि गाण्यांनी ती मोडली नसती हे उघड आहे. जमीन, मजुरी, जंगल यांचे प्रश्न बालवाडीनं सुटत नाहीत. मग मी दुसरं काम किरकोळ नाही असं का म्हणते? कारण जोखड निघाल्यावर पुढे काय, हा प्रश्न उरतोच. ज्या पोराला तिसऱ्या वर्षापासून कुणी 'तुला येतं, तू सांग' असं म्हटलं आहे, ते मोठेपणी साहेबापुढे आणि सावकारापुढे वेगळं उभं राहतं. ते किती वेगळं, हे मोजता येत नाही. म्हणून अहवालात येत नाही. मावशीच्या सत्कारात आलं नाही ते याच कारणानं. खिचडी किलोत मोजता येते.

*

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. त्यानंतर संस्थेची धुरा अनुताईंवर आली. तोवर त्या नुसत्या मदतनीस राहिलेल्या नव्हत्याच. मधल्या काळात, १९६१ मध्ये, त्या बी.ए. झाल्या होत्या, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. दिवसभर टेकडीवरचं काम, आणि त्यातून अभ्यास. 'शिक्षणपत्रिका' हे मासिक त्यांनी चालवलं, पुस्तकं लिहिली, शेकडो बालवाडी शिक्षिका तयार केल्या. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी दाभोणच्या जंगलभागात नव्यानं काम उभारलं. १९८२ मध्ये रमेश पानसे यांच्याबरोबर 'ग्राममंगल' सुरू केली. १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी जमनालाल बजाज पुरस्कारही. २७ सप्टेंबर १९९२ ला त्या गेल्या.

दरम्यान त्यांचा शब्द कुठच्या कुठे पोचला होता. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. सुरुवातीला देशभरात ३३ प्रकल्प. त्या केंद्रांना नाव दिलं अंगणवाडी. आज देशात चौदा लाखांच्या आसपास अंगणवाड्या आहेत. तमिळ, बंगाली, आसामी बाई सुद्धा हाच शब्द वापरते. वारली पाड्यावरच्या एका अंगणासाठी केलेला मराठी शब्द देशभर झाला.

शब्द गेला, पण त्यातलं काय गेलं आणि काय राहिलं? पोषण गेलं, लसीकरण गेलं, वजनकाटा गेला. ही सगळी मोलाची कामं आहेत, त्यांनी कित्येक पोरं जगली. त्याबद्दल दुमत नाही. पण योजनेच्या कामांच्या यादीत शाळापूर्व शिक्षण असूनही ते मागे मागे सरकत राहिलं. मावशीच्या टेबलावर रजिस्टरांची चळत असायची. शेवटी शेवटी तीच माहिती फोनमध्येही भरायची, आणि गावात रेंज नाही. मग ती टेकाडावर चढून माहिती पाठवायची. सर्वेक्षण तिनेच, जनगणनेला मदत तिचीच, मोहिमा तिच्याच. उरलेल्या वेळात गाणी-गोष्टी.

आणि दर्जा? कोसबादला शिक्षिका ही शिक्षिका होती. योजनेत तिची 'सेविका' झाली, पगाराचं 'मानधन' झालं. सेवा करणाऱ्या बाईनं पैसे मागू नयेत, असं काहीतरी त्या शब्दांतच आहे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी कर्मचारी मानधनवाढ, ग्रॅच्युइटी, पेन्शन अशा मागण्यांसाठी संपावर गेल्या तेव्हा मावशीही मोर्चात होती. साठी ओलांडलेली माझी मावशी, डोक्यावर पदर, हातात पाण्याची बाटली. घरात थोडी कुरकुर झाली होती तेव्हा, "या वयात कशाला?" म्हणून. मीही त्यात होते, हे इथे कबूल करते. आता वाटतं, १९४५ साली पुण्यात कुणीतरी अनुताईंनाही हेच म्हटलं असेल.

*

लेख लिहिता लिहिता मावशीला फोन करून एवढं सगळं थोडक्यात सांगितलं. अंगणवाडी शब्द कुठून आला, कुरणशाळा, पाळणाघर. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मुलं आली नाहीत तर बाईनं जायचं, असं ना?"

म्हटलं, "हो."

"मग मी जायचेच की गं. धनगरवाड्यावरची पोरं येत नव्हती तर आठवड्यातून दोनदा वर जायचे. रजिस्टरात ते लिहायला रकाना नव्हता, म्हणून कुठे लिहिलं नाही."

अनुताई १९९२ मध्ये गेल्या. मावशी १९९३ मध्ये लागली. दोघींची कधी भेट झाली नाही, आणि मावशीला त्यांचं नावही धड माहीत नव्हतं. तरी धनगरवाड्याच्या चढावर ती त्यांच्याच वाटेनं जात होती.

त्या पाहुण्यांचं भाषण मी काही पुसू शकत नाही. पण आमच्या घरात तरी यापुढे कुणी विचारलं की मावशी काय करायची, तर खिचडीचं नाव निघणार नाही. मावशी शिक्षिका होती.